शेऱ्याचा रकाना

मुलगी: आधी हात त्या ट्रंकेवरून काढा. मग बोलू.

पाहुणा: काढला. हा बघा. टेकलो होतो फक्त. पाय अधू आहे माझा, फार वेळ उभं राहवत नाही.

मुलगी: मागे खुर्ची आहे. ट्रंकेवरच टेकायला हवं होतं?

पाहुणा: खुर्चीवर त्याचा कोट ठेवलाय. त्याच्यावर कसं बसायचं?

मुलगी: आई! अगं हे गृहस्थ कोण? मी झेरॉक्स काढून येते तेवढ्यात तू कुणालाही थेट बाबांच्या खोलीत आणून बसवतेस?

आई: कुणालाही काय? ह्यांच्या ओळखीचे आहेत म्हणाले. दारात उभं करू का म्हाताऱ्या माणसाला?

मुलगी: म्हणाले! बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. पेपरात फोटो आला, खाली छापलं, ‘माजी सैनिक, कुटुंबवत्सल’. ते वाचून उद्या कुणीही येईल आणि ओळखीचा आहे म्हणेल.

आई: तू बस आधी. उन्हातून आलीस. मला ह्या शर्टांच्या घड्या करू लाग जरा. मेलं, आयुष्यभर ह्यांनीच घड्या केल्या, आता माझी एक धड बसत नाही.

पाहुणा: बाही आधी मागे घ्या वहिनी. मग कॉलर. तो तसाच करायचा.

मुलगी: ‘तो’? बरंच जवळचं दिसतंय. कधीपासूनची ओळख म्हणायची?

पाहुणा: फौजेतली. आम्ही सगळे त्याला घडीमास्तर म्हणायचो.

मुलगी: तेही पेपरात होतं का?

पाहुणा: पेपरात काय होतं मला माहीत नाही. मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा मी फक्त सुईत दोरा ओवायला लावतो. शिंपी आहे मी.

मुलगी: शिंपी. आणि इथे काय शिवायला आलात?

पाहुणा: शिवायला नाही. ट्रंक उघडून मिळाली तर बरं होईल.

मुलगी: वा! आई, ऐकलंस? ट्रंक उघडून हवी आहे. हे बघा काका, तुम्ही वयाने मोठे आहात, पण मला बनवायला जाऊ नका. विमा कंपनीत दावे तपासते मी. गुदाम जळालं म्हणून रडणारे रोज बघते. जो माल आत नव्हताच, तो मी राखेवरून ओळखते. सतरा वर्षं तेच करतेय.

पाहुणा: अठरा होतील आता.

मुलगी: काय?

पाहुणा: सतरा नाही. येत्या महिन्यात अठरा होतील नोकरीला.

मुलगी: हे तुम्हाला कुणी सांगितलं?

पाहुणा: आणि बोलताना रागावलात की डावा खांदा अर्धा इंच खाली जातो. लहानपणापासून जातो. अजून जातो.

मुलगी: आई, फोन दे माझा.

आई: कशाला?

मुलगी: पोलिसांना बोलावते.

आई: हो, बोलाव. चहाला दूध कमी आहे, येताना घेऊन या म्हणावं.

मुलगी: आई, चेष्टा नको. हा माणूस माझ्यावर पाळत ठेवून आहे. माझी नोकरी माहीत, माझा खांदा माहीत. आणि तू निवांत शर्टाच्या घड्या घालतेयस! तुलाच काहीतरी माहीत आहे. तू कुणी अनोळखी आलं की दाराची साखळीसुद्धा काढत नाहीस.

आई: मला काय माहीत असणार? मला कोण काय सांगतंय या घरात?

मुलगी: बरं. काका, विचारते तेवढंच सांगा. ट्रंकेतून काय न्यायचंय?

पाहुणा: न्यायचं काही नाही. ठेवायचंय.

मुलगी: ठेवायचंय! अठरा वर्षांत ठेवायला आलेला माणूस मी एक नाही पाहिला. आणि ट्रंकेत काय काय आहे ते मी काल रात्रभ… काल दिवसभर बघितलंय, तेव्हा मला थापा मारू नका. वर लोकरीचं ब्लँकेट. खाली आमची दोघींची सगळी पत्रं. आणि तळाला एका डब्यात बसची तिकिटं. जाण्याची एक, येण्याची एक. बेचाळीस जोड्या. सगळी एकाच गावाची. तारीख दरवर्षी तीच. कुठली तारीख, ते सांगू?

पाहुणा: तुमच्या वाढदिवसाची.

मुलगी: म्हणजे तुम्ही त्या गावचे.

पाहुणा: बसस्टँडसमोर दुकान आहे. चार तास लागतात इथून.

मुलगी: आई, उठून जाऊ नकोस. बस इथे. आज होऊनच जाऊ दे. काका, तुम्हाला त्या बाईनं पाठवलं ना?

पाहुणा: कुठल्या बाईनं?

मुलगी: तेच मला कळायला हवंय. चाळीस वर्षं विचारतेय. आमचे बाबा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. पगार आईच्या हातात, संध्याकाळी सहाला घरात. मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर माझ्या खाटेशेजारी जमिनीवर झोपले. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर राहिले, नर्सा म्हणायच्या, आजोबांनाच एक खाट द्या. माझं स्वेटर राहिलं म्हणून पाच तास बसने होस्टेलवर घेऊन आले आणि त्याच बसने परत गेले. आणि हाच माणूस वर्षातून एक दिवस घर सोडून जायचा. नेमका माझ्या वाढदिवसाला! पहाटेच्या बसने जायचा, दुसऱ्या दिवशी यायचा. कुठे गेला होतात? तर ‘काम होतं’. ताकास तूर लागू दिली नाही कधी.

पाहुणा: नाही सांगितलं त्याने. मला ठाऊक आहे.

मुलगी: बाकीच्या मुली फुगे लावायच्या. मी दारात उभी राहायची. आणि दुसऱ्या दिवशी हे उगवणार, हातात एक फ्रॉक घेऊन. जसा काही फ्रॉक दिला की झालं. तोही अंगावर असा चपखल बसायचा की आई कौतुक करायची आणि माझ्या मनात पाल चुकचुकायची. कोण शिवतं हा? कुणाला माझं माप माहीत आहे? कुणीतरी बाई असणार, घरात माझ्याएवढी मुलगी असणार, तिच्या मापाने शिवत असणार.

आई: अगंबाई! एवढं सगळं तुझ्या डोक्यात होतं?

मुलगी: तुझ्या नव्हतं?

आई: …होतं.

मुलगी: काय?

आई: होतं म्हटलं. मी काय लाकडाची आहे? तू पाच वर्षांची होतीस. तुला मावशीकडे ठेवलं आणि मी पुढच्या बसने ह्यांच्या मागून गेले.

मुलगी: आई!

आई: डोक्यावरून पदर ओढून, खिडकीला टेकून गेले चार तास. उतरले, आणि समोरच्याच दुकानात बघते तर काय, दोन पुरुष मांडी घालून बसलेत आणि काजं करतायत. एक हे आणि एक हे भाऊजी. एक अक्षर बोलत नव्हते. मी रसवंतीच्या… समोरच्या टपरीच्या आडोशाला तासभर उभी होते. एकदा ह्यांनी उठून भाऊजींच्या पायाला तेल लावलं, की पुन्हा आपली काजं. मलाच कंटाळा आला. आले परत.

पाहुणा: आम्ही पाहिलं होतं तुम्हाला वहिनी.

आई: काय सांगता!

पाहुणा: मास्तर म्हणाला, ती बघ, चप्पल डाव्या पायाची तुटलीय तिची, परत जाताना त्रास होईल. उठत होता. मग म्हणाला, नको, ओशाळेल बिचारी.

आई: म्हणून! म्हणून त्या वेळी येताना माझ्यासाठी नव्या चपला आणल्या! आणि मी सदतीस वर्षं समजतेय की ह्यांना आपोआप सुचलं.

मुलगी: तुम्ही दोघं गप्पा मारा, मी जाते बाहेर. आई, तुला ठाऊक होतं आणि तू मला सांगितलं नाहीस?

आई: काय सांगू? तुझे बाबा वाढदिवसाला काजं करायला जातात? का जातात, ते मला कुठे ठाऊक होतं?

मुलगी: विचारायचं ना!

आई: विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं त्यांना. सांगता येण्यासारखं असतं तर आपणहून नसतं का सांगितलं? घरातल्या पेनचं टोपण हरवलं तरी सांगणारा माणूस तो.

मुलगी: बरं, बाई नव्हती. मान्य. शिंपी होता. मग माझं माप? माझं माप कसं माहीत तुम्हाला? दाव्यात एक दुवा निसटला तरी मी सही करत नाही.

पाहुणा: ट्रंकेत दोऱ्याचे गुंडे असतील. जाड पांढरा दोरा, गाठी मारलेला.

मुलगी: आहेत. एकोणीस. प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर फक्त साल. मला वाटलं, मासे पकडायला घेतले असतील कधी.

पाहुणा: एक आणा. कुठलाही. हं. हे टोक खांद्याला धरायचं. ही पहिली गाठ म्हणजे गळा. ही छाती. ही कंबर. ही शेवटची गुडघा. आणि इथे बघा, खांद्यापाशी जोडगाठ. डावा खांदा उतरता, शिंप्याने ध्यानात घ्यावं. दरवर्षी आठवडाभर आधी काढून ठेवायचा.

मुलगी: दाराला उभं करायचे मला. म्हणायचे, उंची बघू किती वाढली. दोरी का, तर पट्टी थंड लागते म्हणे पोरीला.

पाहुणा: तुम्ही आठ वर्षांच्या असताना एक फ्रॉक गळ्यात घट्ट झाला होता ना?

मुलगी: निळा. काखेतही टोचायचा.

पाहुणा: त्या वर्षी त्याने गाठ ओली असताना मारली होती. वाळल्यावर दोरा आटला. मला पुढची पाच वर्षं ऐकवत होता, की शिंप्या, तुझी चूक नाही, गाठ माझी होती.

मुलगी: आणि एकोणिसाव्या वर्षी एकदम बंद. रिकाम्या हाताने आले. मला वाटलं, तिकडे भांडण झालं.

पाहुणा: अस्तर संपलं.

मुलगी: अस्तर?

पाहुणा: हे बघा. मी आणलेल्या या पिशवीचं आहे ना, हेच कापड.

मुलगी: बघू. …हे… आई, हात लाव. हेच ते. प्रत्येक फ्रॉकला आतून हेच होतं. पांढरं, गुळगुळीत, चालताना सळसळ आवाज करायचं. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझ्या पोटात पाऊस पडतो. हे कुठून आलं तुमच्याकडे?

पाहुणा: माझ्या पाठीवर होतं. पॅराशूटचं कापड आहे ते.

मुलगी: बाबा पॅराशूट बांधायचे, ते माहीत आहे मला. तरुणपणी. मग ते काम सोडून भांडारात गेले. ते का सोडलं, तेही कधी सांगितलं नाही.

पाहुणा: तो बांधायचा, मी उडी मारायचो. लांबलचक टेबल असायचं, पंचवीस पावलांचं. त्याच्यावर कापड पसरायचं आणि एकेक पट्टा दुमडत यायचा. कापड असं निसरडं, की हात काढला की सरकतं. म्हणून दुमडलेल्या भागावर छोट्या जड थैल्या ठेवायच्या, आत शिशाचे छर्रे. मुठीत मावेल एवढी एक. प्रत्येकाकडे सात. काम संपलं की एकेक उचलून खोक्यात टाकायची आणि मोजायची. सात भरल्याशिवाय पॅराशूट बंद करायचं नाही. आत एखादी राहिली तर वर गेल्यावर घडी उलगडत नाही.

आई: म्हणून ह्यांची ती मोजणी! डबा भरायला घेतला तरी, डबा, चमचा, रुमाल, बाटली. चार झाले म्हटल्याशिवाय हिला दाराबाहेर सोडायचे नाहीत.

मुलगी: आणि दप्तरात चिठ्ठी. ‘बांधणार: बाबा’, खाली सही. लग्नातल्या बॅगेतसुद्धा टाकली होती. नवऱ्याला वाटलं, वस्तूंची यादी आहे.

पाहुणा: तसं कार्ड असायचं प्रत्येक पॅराशूटला. तारीख, कुणी बांधलं, सही. शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात ‘ठीक’ एवढंच लिहायचं. कार्ड बाहेरच्या खिशात. उडी मारणाऱ्याला कळायला हवं, कुणाच्या हातावर आपला जीव आहे.

मुलगी: काका, हे सगळं ऐकायला छान आहे. पण मला अजून कळत नाही, तुमचा माझ्या वाढदिवसाशी काय संबंध?

पाहुणा: मोजताना मध्येच कुणी हाक मारली, तर तो काय करायचा? घरात?

मुलगी: पहिल्यापासून मोजायचे. त्यावरून तर मी छळायचे त्यांना. बॅग भरत आली, पाच, सहा म्हणाले, की मी मुद्दाम ओरडायची, बाबा! की पुन्हा पहिल्यापासून. एकदा गावाला जाताना मी सात वेळा ओरडले. बस चुकली. पण चिडले नाहीत. हसायचे, आणि हातातली वस्तू खाली ठेवून म्हणायचे, पहिल्यापासून. कधीच नाही चिडले माझ्यावर त्याच्यासाठी.

पाहुणा: तुम्ही त्याला पहिली हाकच तशी मारली होती.

मुलगी: म्हणजे?

पाहुणा: सकाळची वेळ. मास्तर टेबलापाशी, थैल्या उचलून मोजत होता. आणि टेबलाच्या त्या टोकाहून कारकून ओरडला, मास्तर, दवाखान्यातून फोन आला, मुलगी झाली! एक थैली तशीच त्याच्या हातात. सगळे पाठीवर थापा मारायला लागले. मग तो परत मोजायला लागला. हातातली आधी मोजली होती, ती पुन्हा मोजली. सात म्हणाला. खोक्यात होत्या सहा.

आई: अरे देवा.

पाहुणा: दुपारी मी उडी मारली. ते पॅराशूट अर्धं उघडलं, बाकी गुंडाळी तशीच. पोटावरची दुसरी छत्री शेवटी शेवटी उघडली, म्हणून आज चहा पितोय तुमच्याकडे. पाय मात्र गेला. अजून मिळाला नाही चहा, तो भाग वेगळा.

आई: ठेवते हो, ठेवते. दूध आणवते आधी. पण हे ऐकल्याशिवाय नाही उठणार मी.

मुलगी: थांबा. थांबा जरा. म्हणजे बाबांच्या हातून तुमचा पाय गेला. माझ्यामुळे.

पाहुणा: हे! हे एवढंसं वाक्य, याच्याचसाठी तो बेचाळीस वर्षं गप्प बसला. म्हणायचा, पोरीला कळलं तर ती म्हणेल माझ्यामुळे. आणि कुणी काही समजावलं तरी तिच्या डोक्यातून जाणार नाही. ती फार पुराव्याची आहे.

मुलगी: मग मला काय वाटू दिलं त्यांनी? तुम्हाला माहीत आहे, मला काय वाटत होतं? मावशीने सांगितलंय मला. हे तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आले, चेहरा काळाठिक्कर. मला हातात घेतलं आणि रडले. मावशी म्हणाली, मुलगा हवा होता त्याला.

आई: मलाही तसंच वाटलं होतं गं.

मुलगी: उद्या संध्याकाळी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दोनशे माणसांसमोर मला त्यांच्याबद्दल बोलायचंय. ही बघा, झेरॉक्स काढून आणलीय भाषणाची. ‘कुटुंबवत्सल’ या शब्दापाशी येऊन तीन दिवस अडकलेय. आईला म्हटलंय, मी नाही बोलणार. ज्या बापाला मी जन्मले त्याच दिवशी घरात थांबवत नव्हतं, त्याच्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. आता तुम्ही एक गोष्ट सांगताय. चांगली गोष्ट आहे. पण गोष्टच आहे. तुम्ही दोघं मित्र. मित्राच्या मुलीला बरं वाटावं म्हणून तुम्ही काहीही सांगाल. आणि तुम्ही आजच का आलात? बरोब्बर भाषणाच्या आदल्या दिवशी? मला उत्तर द्या.

पाहुणा: पोस्टकार्ड आलं म्हणून.

मुलगी: कुणाचं?

पाहुणा: वहिनींचं. ‘तुम्ही दोघं काजं का करत होता, ते माझ्या मुलीला येऊन सांगा. ती बापावर रुसून बसली आहे आणि आता समजूत काढायला ते नाहीत.’ पत्ता काय, तर ‘बसस्टँडसमोर, पाय अधू असलेले शिंपी’. पोचलं.

मुलगी: आई! आणि मघाशी म्हणे, मला काय माहीत!

आई: तू पोलिसांना बोलवायला निघाली होतीस. मी कशाला तोंड उघडू?

पाहुणा: पोरी, पुरावा हवा ना? या पिशवीत दोन गोष्टी आहेत. ही पहिली. धर. जड आहे.

मुलगी: थैली. शिशाची.

पाहुणा: सातवी. खाली पडलो तेव्हा गुंडाळीत हात घातला, तर हाताला लागली. त्याच दिवशी संध्याकाळी मास्तर स्वतः साहेबापुढे जाऊन उभा राहिला, म्हणाला माझी एक थैली कमी आहे, चूक माझी. साहेब म्हणाले, थैल्या हरवतात. त्या दिवशी चौघं बांधत होते. कार्ड आण, मग बघू. कार्ड काही मिळालं नाही. कुणालाच मिळालं नाही.

मुलगी: का?

पाहुणा: माझ्या बुटात होतं. मीच लपवलं. वेदनेने जीव जात होता, पण म्हटलं आधी बघू तरी कुणी मारलं आपल्याला. अशी शिवी तोंडात आली होती, तुमच्यासमोर सांगत नाही. कार्ड काढलं, वाचलं, आणि ती शिवी गिळली. मास्तर दरवर्षी यायचा आणि विचारायचा, शिंप्या, कार्ड माझंच होतं ना? मी म्हणायचो, उडून गेलं रे. त्याला माहीत होतं माझ्याकडे आहे. मला माहीत होतं, त्याला माहीत आहे. मग आम्ही काजं करायला बसायचो. आता वाटतं, द्यायला हवं होतं. शिक्षा झाली असती, पण सुटला तरी असता. मी त्याला वाचवलं का अडकवलं, ते मला अजून कळत नाही. म्हणून म्हटलं, त्याच्या ट्रंकेत ठेवून येतो.

मुलगी: द्या इकडे.

पाहुणा: जपून. घडीवर फाटत आलंय.

मुलगी: तारीख… माझीच. बांधणार… ही सही बाबांचीच आहे. शेवटच्या अक्षराला शेपूट काढायचे तेच. अक्षर वाकडं आलंय. बाबांचं अक्षर असं वाकडं कधी नसायचं.

आई: शेरा काय लिहिलाय? रकाना असतो म्हणाले ना ते. ‘ठीक’ लिहिलंय का?

मुलगी: (कार्ड उजेडाकडे धरते.)

आई: अगं वाच ना. माझा चष्मा तिकडे आहे.

मुलगी: काका, हे… हे त्यांनी सरकारी कार्डावर लिहिलं?

पाहुणा: तुझी बातमी मला जमिनीवर पडल्या पडल्या कळली, पोरी. तुझ्या आजीच्याही आधी कळली असेल. आता तूच सांग, ते वाचून मी कुणाला पकडून देणार होतो?

आई: वाच की गं मेले, मी काय परकी आहे?

मुलगी: शेरा. ‘मुलगी झाली. मुलगी झाली.’ दोनदा लिहिलंय, आई. रकान्यात मावलं नाही, म्हणून दुसरं खाली, ओळ सोडून.

(आईच्या हातातला शर्ट तसाच राहतो.)

आई: दोनदा.

मुलगी: हो.

आई: आणि मी समजत होते, मुलगा हवा होता. रडले होते गं ते तुला घेऊन. मी पाठ फिरवून झोपले होते तेव्हा. बोललेसुद्धा नाही ह्यांच्याशी दोन दिवस.

पाहुणा: वहिनी, तो सांगायचा. म्हणायचा, तिने पाठ फिरवली तेव्हा बरं वाटलं, कुणीतरी शिक्षा केली.

मुलगी: काका, खुर्चीवर बसा. तो कोट द्या इकडे, मी ठेवते. बसा हो. आई, दूध राहू दे, बिनदुधाचा कर.

पाहुणा: चालेल मला. कार्ड ठेवायचं ना ट्रंकेत?

मुलगी: नाही. म्हणजे हो. उद्यापर्यंत माझ्याकडे राहू दे, उद्या मला ते वाचून दाखवायचंय. चालेल ना? तुमचं गुपित आहे, तुम्ही सांगा.

पाहुणा: आता मला काय कोण पकडणार? पहिल्या रांगेत खुर्ची दे म्हणजे झालं. पाय लांब करून बसावं लागतं.

मुलगी: बाकीचं मी आत ठेवून घेते. नीट ठेवते, त्यांच्यासारखं. ही थैलीपण. दोऱ्याचे गुंडे एक, तिकिटांचा डबा दोन, पत्रं तीन, ब्लँकेट चार, थैली…

आई: मग उद्या बोलणार ना गं तू?

मुलगी: आई! मोजत होते ना मी.

आई: अगंबाई, चुकलं. मग आता?

मुलगी: आता काय. पहिल्यापासून.

आई: मोज. आम्ही बसतो गप्प.

मुलगी: एक.